नकुलदर्शन

किपलिंग या इंग्रज ग्रंथकाराने १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'जंगल बुक'मध्ये एका मुंगसाची गोष्ट सांगितली आहे. विलायतेतील मुलांनी मुंगूस कधी पाहिलेले नसल्यामुळे, तो प्राणी कसा असतो हे सांगताना त्यास तिकडच्या 'वीझल' नावाच्या प्राण्याचा दाखला द्यावा लागला. आमच्या घरी सांप्रत याच्या नेमका उलट प्रकार चालतो. नातवंडे इंग्रजी पुस्तके वाचतात, त्यांत वीझल भेटतो, आणि तो म्हणजे काय असे त्यांनी विचारले म्हणजे आम्हांस मुंगसाचा दाखला द्यावा लागतो. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तो आपल्याला कुठे आणि केव्हा दिसेल?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहो, कारण प्रश्न मुलांचा असला, तरी त्यातील 'केव्हा' हा शब्द न विचारल्यामुळे शहाण्यासुरत्या माणसांच्या हातून केवढे अनर्थ घडले, हे पुढे दिसून येईल.

खरा वीझल पाहावयाचा तर हिमालय गाठला पाहिजे. काश्मीर, लडाख, सिक्कीम या प्रांतांत त्याच्या काही जाती आढळतात. लडाखातील पहाडी वीझल वीतभराहून थोडा लांब, सडपातळ व पिवळसर तपकिरी असतो. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर, खडकांच्या राशींतून तो पायका नावाच्या बिनशेपटीच्या, सशाच्या कुळातील लहानग्या प्राण्यामागे धावताना दिसतो. आपल्या दख्खनच्या पठारावर किंवा सह्याद्रीत वीझल नाही. त्याच्या कुळातील पाणमांजर मात्र आपल्याकडील नद्यांत आहे. आणि गंमत अशी की, वीझलासारखे दिसणारे मुंगूस त्याच्या कुळातले मुळीच नव्हे. प्राणिशास्त्रज्ञांच्या मते मुंगसाचे नाते मांजराशी, आणि त्याहून जवळचे म्हणजे तरसाशी आहे! हातभर देहाचा हा चपळ प्राणी आणि ते लंगडत चालल्यासारखे दिसणारे तरस हे भाऊबंद असावेत, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी, "भाऊबंदांची तोंडे कधी जुळली आहेत?" असा शेरा मारला.

आमच्या संस्कृत वैयाकरणांनी 'नकुल' शब्दाची फोड 'ज्यास कुल नाही तो' अशी केली आहे. तरसाचे नाते कळल्यावर ही व्युत्पत्ती आता तितकीशी खरी उरत नाही. परंतु त्याच वैयाकरणांनी शाश्वत वैर असलेल्या प्राण्यांच्या जोडीचा द्वंद्व समास एकवचनी होतो असा नियम सांगून त्याचे जे 'अहिनकुलम्' हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या घोकवून घेतले, ते अद्याप कोणी खोटे ठरविलेले नाही. आणखी एक अभिमानाची गोष्ट: या प्राण्यास इंग्रजीत जे 'माँगूस' म्हणतात, तो शब्द आपल्या मराठी 'मुंगूस' शब्दावरून गेला असे इंग्रजी कोशकारच सांगतात. म्हणजे ज्या प्राण्याचे नाव जगाने मराठीकडून उसने घेतले, तो पाहण्यासाठी मराठी माणसास गावाबाहेर अर्धा कोस जावे लागले तर फार झाले.

आमच्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचे रूप दुहेरी आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, तेव्हापासून त्याच्या पाण्याखालचा पट्टा बागायत झाला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याच्या वरच्या अंगास सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूंस मात्र अजून माळ आहे, गवत आहे, चिंकारा आहे, लांडगा व खोकड आहेत. सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली स्थापन झाले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे आहे. कडबनवाडी व शिर्सुफळ येथे २०२४ च्या सुमारास वनखात्याने गवताळ रानाची सफारीही सुरू केली. पुण्यामुंबईची मंडळी तेथे लांडगा पाहावयास येतात. मुंगसाची विशेषता ही की, तो या दोन्ही प्रदेशांत राहतो. माळाच्या वारुळात राहतो, उसाच्या बांधावरही राहतो, आणि पडक्या वाड्याच्या भिंतीतही राहतो.

प्रथम ओळख सांगतो. देह हातभर, शेपूट जवळजवळ तेवढेच लांब व केसाळ, वजन सव्वा-दीड किलोच्या आसपास. प्रत्येक केसावर फिकट व गडद पट्टे आलटून पालटून असल्यामुळे अंगाचा रंग तांदळात तीळ मिसळावे तसा दिसतो. डोळे तांबूस. शेपटीचे टोक काळे असून ते वर वळलेले दिसले, तर ते लालसर मुंगूस समजावे. ते झाडीच्या प्रदेशात अधिक. सह्याद्रीच्या घाटात, दाट रानाच्या ओढ्याकाठी, मानेवर काळा पट्टा असलेले व आकाराने सर्वांत मोठे असे पट्टेरी मानेचे मुंगूस असते. ज्यांस डोंगरातील मुंगूस पाहण्याची हौस असेल त्यांनी ते शोधावे. आमच्या भागात दिसते ते बहुतेक नेहमीचे करडे मुंगूसच.

आता वेळ. मुंगूस दिवसाचा प्राणी आहे, ही गोष्ट मनात पक्की ठसवावी. रात्री कौलांवरून किंवा आंब्याच्या फांदीवरून कोणी धावत गेले, तर ते उदमांजर असण्याचा संभव अधिक. मुंगूस त्या वेळी आपल्या बिळात निजलेले असते. सूर्य उगवून ऊन अंगास लागू लागले म्हणजे ते बाहेर पडते. दहा वाजेपर्यंतचा काळ उत्तम. दुपारच्या उन्हात ते सावलीस जाते, आणि चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत पुन्हा हिंडते. म्हणजे पेन्शनर माणसाच्या दोन्ही वेळच्या फिरण्याच्या वेळा आणि मुंगसाच्या वेळा एकच आहेत. आमच्या वयाच्या वाचकांस हा योग दवडण्याचे कारण नाही.

ऋतूंचा विचार करता, पावसाळ्यात गवत व पिके वाढलेली असल्यामुळे ते असूनही दिसत नाही. दिवाळीनंतर माळावरील गवत सुकून आडवे होते, आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन ऊसतोड चालू होते. ज्या फडाची तोड संपत आली असेल त्याच्या कडेस, रस्त्यावर उभे राहावे. वर्षभर उसाच्या आसऱ्याने राहिलेले उंदीर, सरडे, किडे तेव्हा उघड्यावर येतात. त्यांच्यामागे बगळे येतात, घारी येतात आणि मुंगूसही येते. उसात मात्र कोणी शिरू नये. तेथे साप असतो, आणि अलीकडे बिबट्याही असतो.

स्थळांविषयी सांगावयाचे तर, मुंगसास मैदानाचा मध्य आवडत नाही, त्यास कड आवडते. शेताचा बांध, चारीचा काठ, कालव्याचा भराव, घायपाताची रांग, वेड्या बाभळीचे बन, दगडांची ताल, जुने वारूळ, गुऱ्हाळामागील चिपाडांची रास, ही त्याची जाण्यायेण्याची ठिकाणे होत. कालव्याच्या कडेचा मुरमाड रस्ता या कामी सर्वांत सोयीचा. तो दूरवर सरळ दिसतो, आणि मुंगूस तो ओलांडताना कोणीतरी तपकिरी पंचा जमिनीलगत ओढून न्यावा तसे दिसते. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी भिगवण-कुंभारगावापर्यंत पसरले आहे. तेथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यास मोटारींची रांग लागते. सर्वांच्या दुर्बिणी पाण्याकडे लागलेल्या असतात, आणि पाठीमागच्या बाभळींतून मुंगूस निर्धास्तपणे आपला फेरफटका आटोपते. आम्ही तेथे गेलो म्हणजे थोडा वेळ पाण्याकडे पाठ करून बसतो. लोक काही काळ आमच्याकडे पाहतात, परंतु त्यास इलाज नाही.

डोळ्यांच्या आधी कानांचा उपयोग करावा. मुंगूस बाहेर पडले की पक्षी ते सांगतात. साळुंक्या एकदम कर्कश ओरडू लागतात; सातभाईंचा थवा एका झुडपाभोवती गलका करतो; आणि उन्हाळ्याच्या आरंभी टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, त्या दिवसांत ती मुंगसाच्या डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करते. टिटवीने ज्या जागी झेप घेतली तेथे पाहावे. ओल्या मातीत पाचही बोटे व नखे उमटलेला लहान पाय दिसला, तर वाट सापडली असे समजून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेथे यावे. कधी मादी व तिची दोनतीन पिले एकामागे एक, नाकास शेपूट लावून जाताना दिसतात. दुरून ते सर्व मिळून एक लांबलचक केसाळ सर्पच चालला आहे असा भास होतो.

आमच्याकडे मुंगूस दिसले म्हणजे मुले त्यास रामाची शपथ घालून तोंड दाखवावयास सांगतात, आणि तोंड दिसले तर दिवस चांगला जातो असे मानतात. यातील शपथेचा भाग रामरायावर सोपवू; परंतु या खेळात निरीक्षण खरे आहे. पळालेले मुंगूस झुडपाच्या आडोशास पोचताच बहुधा थांबते, क्वचित मागच्या पायांवर उभे राहते, आणि वळून पाहते. जो माणूस त्याच्यामागे धावतो त्यास ते तोंड कधीच दिसत नाही. जो जागच्या जागी उभा राहतो त्यासच दिसते.

मुंगूस व साप यांच्या वैराविषयी लोकांत पुष्कळ समजुती आहेत. साप चावला म्हणजे ते रानात जाऊन एक वनस्पती खाते व विष उतरवते, ही त्यांतील मुख्य. 'नाकुली' या औषधीच्या नावामागेही हीच कल्पना दिसते. खरी गोष्ट अधिक नवलाची आहे. नागाच्या विषातील द्रव्य स्नायूंवरील एका विशिष्ट स्थानी जाऊन बसते, त्यामुळे मेंदूचा निरोप स्नायूंस पोचत नाही, आणि श्वास बंद पडतो. इस्रायलातील वाइझमान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले की, मुंगसाच्या शरीरात त्या स्थानाची घडणच किंचित निराळी असते. कुलूप निराळे असल्यामुळे विषाची किल्ली त्यात नीट बसत नाही. तरीदेखील ते अमर नव्हे. घोणशीचे विष निराळ्या रीतीने, रक्तावर काम करते, तेथे या कुलपाचा उपयोग नाही. आणि नागाशी गाठ पडली असताही त्याचे मुख्य शस्त्र चपळाई हेच. शिवाय साप हे त्याचे रोजचे अन्न नव्हे. उंदीर, टोळ, भुंगेरे, सरडे, अंडी, पडलेली फळे यांवर त्याचा संसार चालतो. म्हणून घराभोवती उंदरांसाठी विष पेरणाऱ्या गृहस्थांनी विचार करावा: विष खाल्लेला उंदीर जो खाईल, त्याच्याही पोटात ते विष जाते.

आता आरंभी म्हटलेल्या अनर्थाकडे वळू. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर उसाचे मोठे मळे होते व उंदरांचा उपद्रव भारी होता. १८७२ साली एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागविली. ती आपल्या करड्या मुंगसाची धाकटी भावंडे, लहान जातीची. आरंभी उंदीर कमी झाले, म्हणून चोहोकडे वाहवा झाली, आणि १८८३ साली जमैकाहून ती हवाई बेटांवर नेण्यात आली. परंतु उंदीर मुख्यतः रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा! दोघांच्या पाळ्या वेगळ्या. दिवसा जे समोर आले ते, म्हणजे जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, पिले व सरडे, मुंगसांनी खाऊन टाकले. त्या बेटांवरील जिवांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. उंदीर राहिले ते राहिलेच.

हे उदाहरण समोर असताही जपानातील अमामी बेटावर १९७९ साली, हाबू नावाचा विषारी साप मारण्यासाठी सुमारे तीस मुंगसे सोडण्यात आली. हाबूही रात्रीचाच संचारी. त्यांची गाठ पडण्याऐवजी त्या बेटावाचून इतरत्र फारसा न आढळणारा काळा ससा मुंगसांच्या तोंडी पडला. पुढे मुंगसांची संख्या हजारोंवर गेली. सापळे लावून, शिकवलेले कुत्रे घेऊन त्यांस वर्षानुवर्षे धुंडाळावे लागले. आणि अखेर २०२४ च्या सप्टेंबरात, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी, बेट मुंगूसरहित झाल्याचे जपान सरकारने जाहीर केले. यात मुंगसाचा अपराध कोणता? त्यास कोणी विचारले नव्हते. जी गोष्ट बारामतीच्या बांधावर आठ दिवस सकाळी उभे राहणाऱ्या मुलास कळते, ती त्यास आणणाऱ्यांनी पाहिली नाही.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नाव 'अपरीक्षितकारक' असे आहे. म्हणजे पाहिल्यावाचून करणारा. ब्राह्मणी व नकुल यांची सर्वश्रुत कथा त्याच तंत्रातील. पाळण्यातील बाळास वाचविणाऱ्या मुंगसाचे रक्ताने माखलेले तोंड पाहून ब्राह्मणीने त्यास ठार केले, आणि घरात जाऊन पाहिले तेव्हा बाळ खेळत होते. महाभारतातील आश्वमेधिक पर्वात तर मुंगूस थेट धर्मराजाच्या यज्ञाची परीक्षा घेते. एका दरिद्री ब्राह्मणाने उपाशी राहून अतिथीस दिलेल्या सातूच्या पिठात लोळल्यामुळे त्याचे अर्धे अंग सोन्याचे झालेले असते, आणि धर्मराजाच्या एवढ्या मोठ्या अश्वमेधात लोळूनही उरलेले अर्धे होत नाही! मोरोपंतांनी आमच्या याच बारामतीत, कऱ्हेच्या काठी, सर्व पर्वांसह भारत आर्यावृत्तात उतरविले. म्हणजे ज्या काठावर हे नकुलाख्यान मराठीत आले, त्याच काठावर आजही मुंगूस हिंडत आहे. मान द्यावयाचा तो आमच्या ग्रंथांनी भरपूर दिला आहे. घरात काय चालते ते निराळे.

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या नातवाची चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा होती. चिरंजीवांनी परगावाहून त्याच्यासाठी रंगांचे ब्रश आणले, आणि दुकानदाराने ते 'अस्सल मुंगसाच्या केसांचे' म्हणून शिफारस करून दिल्याचे कौतुकाने सांगितले. केस पाहिले तो तेच फिकट-गडद पट्टे, जे आम्ही कालव्यावर रोज पाहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसास मारणे, धरून ठेवणे, तसेच त्याच्या केसांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. तरीही चित्रकाराच्या हाती रंग चांगला धरतात म्हणून या केसांस गिऱ्हाईक आहे, आणि वन्यजीवरक्षणाचे काम करणाऱ्यांचा अंदाज असा की, एक किलो केस मिळविण्यासाठी सुमारे पन्नास मुंगसे मारावी लागतात. कातरून केस घेता येत नाहीत काय, असे धाकट्या सूनबाईंनी विचारले. रानातले मुंगूस कातरून घेण्यासाठी कोण स्वस्थ बसेल?

रात्री जेवणानंतर माजघरात याचा खल झाला. चिरंजीवांचे म्हणणे, "आता पैसे तर दिले आहेत, आणि हे मुंगूस काही परत जिवंत होणार नाही." त्यात तर्क होता. थोरल्या सूनबाईंचे म्हणणे पडले की, परीक्षा चार दिवसांवर आली असता मुलाचा हात बदलू नये. आम्ही काही बोलण्यापूर्वीच सौभाग्यवती म्हणाल्या, "गोष्टीतली ब्राह्मणी निदान मागाहून रडली तरी. आपण ब्रश धुऊन पुसून पुढच्या वर्षासाठी ठेवणार." यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी चिरंजीव स्वतः ते ब्रश वनखात्याच्या कचेरीत देऊन आले, आणि कोठून आणले तेही लिहून दिले. नातवाने नायलॉनच्या ब्रशाने पेपर सोडविला व त्यास 'बी' श्रेणी मिळाली. ब्रश निराळा असता तर 'ए' मिळाली असती, असे थोरल्या सूनबाईंचे मत आजही कायम आहे. आणि एकत्र कुटुंबात प्रत्येकाचे मत कायम राहण्यास जागा असावी, असे आमचे मत आहे.

वाचकांस विनंती एवढीच की, मुलांसाठी ब्रश घेताना केस कशाचे आहेत हे दुकानदारास अवश्य विचारावे. त्याने मुंगसाचे नाव अभिमानाने घेतले, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दारी मुंगूस आल्यास त्यास डिवचू नये व धरू नये. चावल्यास जखम साबणाने धुऊन त्वरित दवाखाना गाठावा, कारण पिसाळ रोग त्यासही होतो. आणि येत्या दिवाळीच्या सुटीत मुलांस घेऊन सकाळी आठच्या सुमारास एखाद्या कालव्याच्या किंवा ओढ्याच्या कडेस जावे. बोलू नये, धावू नये. साळुंक्या ओरडू लागल्या म्हणजे मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा, म्हणजे ते पुढे पळणार नाही, आणि आडोशाशी पोचलेले मुंगूस मागे वळून पाहीपर्यंत दोघांनीही तसेच उभे राहावे.